पंधरा हजार फेऱ्यांची झोप

वेग हाच या युगाचा धर्म आहे आणि ज्या संस्थेला तो ओळखता आला नाही तिचं नाव काळ पुसून टाकतो, असं विश्वंभरचं ठाम मत होतं. हे मत त्याने भर दुपारी, सर्व्हरच्या खोलीत खुर्चीवर मागे रेलून, पुनमला ऐकवायला घेतलं. "वेग म्हणजे काय असतो पुनम, वेग म्हणजे..." इथवर तो आला आणि त्याची हनुवटी छातीवर टेकली. वेग म्हणजे काय ते कळेल म्हणून पुनम थोडा वेळ थांबली. मग दार हलकेच ओढून घेऊन ती बाहेर आपल्या कामाच्या खिडकीशी जाऊन बसली.

यात विश्वंभरचा दोष नव्हता. त्या खोलीची हवाच तशी होती.

डोंगरकड्याहून आखाडा बाळापूरकडे निघालं की उजव्या हाताला हरिद्रागौरी हळद उत्पादक संघाची गोदामं लागतात. हंगामात तिथे सगळंच पिवळं असतं. पोती पिवळी, रस्ता पिवळा, हमालांच्या पापण्या पिवळ्या, कबुतरं पिवळी, चहावरची सायसुद्धा पिवळी. वर ऊन असं की पत्र्याकडे पाहिलं तरी डोळ्यांत पाणी यावं. या पिवळ्या जगाच्या मधोमध एकच खोली निळी आणि गार होती. तिच्यात संघाचा सर्व्हर होता, त्याच्या जिवासाठी लावलेला एसी होता, आणि लोखंडी रॅकमध्ये बसलेल्या बारा मोठ्या हार्ड डिस्कांचा खोल, एकसुरी घुमारा होता. बाहेरून आत आलेला माणूस आधी "हाऽऽ" म्हणे, मग भिंतीला टेके, आणि मग आपण कशाला आलो होतो ते विसरून जाई.

या खोलीचा सगळ्यात जुना भक्त म्हणजे संघाचे अध्यक्ष सोनाजी आबा. मागच्या वर्षी आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दुपारी आडवं व्हायला सांगितलं आणि अख्ख्या संघात आडवं होण्याजोगी एवढी एकच जागा होती. आबांनी घरची सागवानी बाज ट्रॅक्टरमध्ये घालून आणली. रॅकमधून निघालेल्या निळ्या वायरी भिंतीच्या कडेकडेने बाहेरच्या खिडक्यांकडे जात, त्याच भिंतीला ती टेकवली. तेव्हापासून जेवण झालं की आबा पागोटं उशाला घेत आणि आडवे होत. अंगाने आबा भरभक्कम होते. बाज कुरकुरे, मग गप्प होई.

"विश्वंभर, लेकरा," ते डोळे मिटता मिटता म्हणत, "ह्या तुझ्या पेटीत मला माझा बाप ऐकू येतो."

आबांच्या लहानपणी शिजवून वाळवलेली हळद घासायला हाताने फिरवायचा ड्रम होता. चौघं गडी दांड्याला लागत, ड्रम घर्रर्र घर्रर्र फिरे, हळदीची कांडी आतल्या आत एकमेकांवर घासून सोन्यासारखी होत, आणि पोरगेला सोनाजी शेजारच्या पोत्यांवर झोपून जाई. बारा डिस्कांच्या घुमाऱ्यात आबांना तो ड्रम सापडला होता. त्यामुळे सर्व्हर म्हणजे काय हे माहीत नसतानाही आबांचा सर्व्हरवर जीव होता.

आणि विश्वंभरचा तर त्या खोलीवर जीवच होता. बी.एस्सी. होऊन तो संघात लागला तो गेटवर. कितीतरी हंगाम त्याने पिवळ्या धुळीत उभं राहून पोती मोजली. मग संचालक मंडळाच्या मागे लागून, पाया पडून, एका वार्षिक सभेत तर डोळ्यांत पाणी आणून, त्याने हा सर्व्हर आणवला होता. आता त्याच्या शर्टाची कॉलर पांढरी राहत असे.

तकलीफ एकच होती. पट्टी येत नव्हती.

पोतं काट्यावर चढलं की वजन, ओलावा आणि मालाचा फोटो सर्व्हरवर जावा आणि खिडकीतून छापील काटापट्टी बाहेर यावी, अशी व्यवस्था होती. पट्टी हातात पडल्याशिवाय व्यापारी माल उचलत नसे आणि शेतकऱ्याची गाडी हलत नसे. सकाळी पट्ट्या भराभर निघत. पण दुपारची जेवणं झाली की पट्टीलाही सुस्ती येई. गेल्या हंगामापासून हे दुखणं सुरू झालं होतं आणि यंदा ते गावभर झालं.

"मी औंढ्याला गेलो," जगन नावाचा शेतकरी खिडकीसमोर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगे, "नागनाथाचं दर्शन केलं, सासुरवाडीला च्या पेलो, वापस आलो. पट्टी आपली येऊनच राहिली."

"तरी तुमचं बरं, दर्शन तरी झालं," पुनम खिडकीतून म्हणे. "मला तर जागचं उठता येत न्हाई."

मग मंडळाची बैठक झाली. उपाध्यक्ष प्रेमानंदराव यांना कॉम्प्युटर पहिल्यापासून खुपत होता. त्यांनी विषयपत्रिका बाजूला सारली.

"हे बघा विश्वंभरराव," ते म्हणाले. "आमच्या बापजाद्यांनी पेन्सिलीनं पट्टी लिहिली. पेन्सिल कवा म्हणली का, थांबा, मी विचार करून राहिले? पुढच्या महिन्यापासून हातानं लिहा. तुमी जा गेटवर पहिल्यासारखं, पोती मोजा. अन् ती गार खोली पाहुण्यांसाठी ठेवू."

पाहुणे हा शब्द ऐकून आबा जागे झाले. "कोणते पाहुणे?"

"कोणतेही, आबा. आल्यागेल्याला झोपायला."

"माझ्या बाजंवर?" आबांनी विचारलं. "पोराला एक मोका द्या," आबा म्हणाले. "काहून होऊन राहिलं ते त्याला पाहू द्या. न्हाई जमलं तर मंग पेन्सिल."

विश्वंभरने त्या दिवसापासून अभ्यासाला सुरुवात केली. पट्टी दुपारीच का अडते? कारण दुपारी गर्दी. गर्दीत काय होतं? सगळ्या खिडक्या एकदम सर्व्हरला माहिती विचारतात. माहिती कुठे असते? डिस्कवर. डिस्क कशा आहेत? जुन्या, साडेतीन इंची, मिनिटाला सात हजारांच्या आसपास फेरे घेणाऱ्या. विचारांची ही साखळी इतकी सुंदर होती की तिच्यात कुठे हात घालावा असं त्याला वाटलं नाही. उपाय पुस्तकात दिलेलाच होता. अडीच इंची लहान डिस्क. मोठ्या बारा बसतात तेवढ्याच जागेत लहान चोवीस बसतात. काहींचे फेरे मिनिटाला दहा हजार, काहींचे पंधरा हजार.

पंधरा हजार. हा आकडा विश्वंभरच्या मनात शिरला तो बाहेर निघेना. सरलाने, म्हणजे त्याच्या बायकोने, ताटात भाकरी वाढली की तो बोटाने ती हळूहळू फिरवू लागला. दुपारी खुर्चीत डोळा लागला की त्याला चोवीस चिमुकले चंदेरी ड्रम दिसत, निळ्या अंधारात गरगर फिरणारे, आणि प्रत्येकातून एक एक पट्टी पाखरासारखी उडत बाहेर येई. जगन आणि त्याची सासुरवाडी हात वर करून त्या झेलत असत.

नांदेडहून रणजीत नावाचा विक्रेता आला. इन केलेला शर्ट, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, आणि गाडीच्या डिकीत तीन पेट्या.

"सर, खरं सांगू का," तो विश्वंभरला म्हणाला, "आता लोक एसएसडी घेतात. तिच्यात काही फिरतच नाही."

आबा बाजेवर बसून ऐकत होते. "काहीच फिरत न्हाई? मंग ते काम कवा करतं?"

"आबाजी, विजेवरच होतं. आवाज पण नाही."

"आवाज न्हाई म्हणल्यावर आमी पारखावं कसं?"

हा मुद्दा बिनतोड होता. सोनाजी आबा वसमत-हिंगोलीच्या बाजारांत कानासाठी ओळखले जात. हळदीचं कांडं कानापाशी धरून ते कट्टदिशी मोडत आणि आवाजावरून ओलावा सांगत. यंत्राने नंतर तोच आकडा दाखवला की आबा यंत्राला शाबासकी देत. ज्याला आवाज नाही ते संघात विकत घेतलं जाणं शक्य नव्हतं. विश्वंभरलाही आपल्या स्वप्नातले ड्रम थांबवायचे नव्हते. आणि रणजीतच्या गोदामात फिरणाऱ्याच डिस्क पडून होत्या. तिघांचं एकमत झालं.

"तिन्ही पेट्या एक एक दुपार लावून पाहू," आबा म्हणाले. "मी बाजंवर हाय. कान उघडा ठेवतो."

पहिल्या दुपारी नव्या कोऱ्या मोठ्या डिस्क लावल्या. साडेतीन इंची, सात हजारवाल्या. पेटी घुमू लागली. आबांनी मान डोलावली. "उत्तम. पोटातून आवाज हाय." एवढं बोलून त्यांनी कान उघडा ठेवला आणि बाकी सगळं मिटलं. थोड्याच वेळात पुनम दारात आली.

"सर, पट्टी गेली."

"कुठं गेली?"

"ते न्हाई माहीत. आतून निघाली असं दाखवून राहिलं. बाहेर आली न्हाई."

विश्वंभरने रणजीतकडे पाहिलं. रणजीत खेदाने म्हणाला, "म्हणूनच सर, मोठी डिस्क मी कुणाला सुचवतच नाही." पेटी त्यानेच आणली होती.

दुसऱ्या दुपारी लहान डिस्क आल्या, दहा हजारवाल्या. आबांनी एक तळहातावर घेतली, वरखाली करून वजन पाहिलं.

"ही तर तंबाखूच्या डबीएवढी हाय रे. लहान अन् जास्तीची महाग? असं कुठं असतंय?"

"आबा," विश्वंभर पुढे सरसावला. या प्रश्नाची तो कित्येक दिवस वाट पाहत होता. "मोठ्या खळ्यात बैलाला एक फेरा घालायला किती वेळ लागतो? अन् खळं लहान केलं तर?"

"बैल जल्दी फिरल."

"बराबर. आतली तबकडी लहान, म्हणून ती जोरात फिरवता येते. अन् वाचणाऱ्या सुईला लांब जावं लागत न्हाई."

आबांनी विचार केला. "अन् बैलाला भोवळ आली तर?"

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. पेटी सुरू झाली. घुमारा आता पोटातून नाही, घशातून येत होता. आबा आडवे झाले, पण ड्रम काही नीट सापडेना. ते या कुशीवरून त्या कुशीवर, त्या कुशीवरून या कुशीवर होत राहिले. बाहेर पट्ट्या उचकी लागल्यासारख्या येत होत्या. दोन आल्या, थांबल्या. एक आली, थांबली. जगनच्या हातात अर्धी छापलेली पट्टी पडली आणि उरलेली अर्धी त्याने यंत्राच्या तोंडात बोट घालून वाट पाहत मिळवली.

"सुधारणा आहे," विश्वंभर म्हणाला.

तिसऱ्या दुपारी पंधरा हजार.

पेटीने कानाच्या पार आत जाणारा बारीक, चिवट सूर धरला. आबा आडवे झाले आणि लगेच उठून बसले. "हे काय? कानापाशी डास पाळले का तुमी?" पुन्हा आडवे झाले, पुन्हा बसले. शेवटी पागोटं उचलून ते बाहेर लिंबाखालच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि उन्हाकडे रागाने पाहत राहिले.

आणि पट्ट्या! काट्यावर पोतं चढतंय न चढतंय तोच खिडकीतून पट्टी बाहेर. हमालांनी पोती उतरवण्याआधी पट्टी. पुनमने दोन्ही हात यंत्रापासून दूर घेतले, जणू ते चावेल. खिडकीसमोरची रांग विरघळून गेली. जगन पट्टी हातात घेऊन तसाच उभा राहिला. इतक्या मोकळ्या दुपारचं काय करायचं हे त्याला सुचत नव्हतं.

विश्वंभरच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने संचालकांना खोलीत बोलावलं आणि आपला सिद्धांत मांडला. "फेरे जास्त, तर पट्टी जल्दी. फेरे कमी, तर पट्टी उशिरा. तीन दुपारी तुमच्या डोळ्यांसमोर आहेत."

"आबांच्या झोपेचं पण तसंच दिसून राहिलं," प्रेमानंदराव म्हणाले. "आबा झोपले का संघ झोपतो, आबा उठले का संघ उठतो."

सगळे हसले. प्रेमानंदराव स्वतःही हसले. बोलणं हसण्यावारी गेलं आणि खरेदीचा विषय पुढे आला.

सही आबांची लागत होती. त्यांनी पेन हातात घेतलं, रिकाम्या बाजेकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर मोकळ्या झालेल्या रांगेकडे पाहिलं. "माझी झोप संघापेक्षा मोठी न्हाई," ते म्हणाले आणि सही केली. लखमाजी नावाच्या संचालकांनी रुमालाने डोळे टिपले.

चोवीस डिस्क आल्या. त्यांच्यावर हळदकुंकू वाहू नका म्हणून रणजीतने हात जोडले. हळद संघात येऊन हळद नको म्हणणारा हा पहिलाच माणूस होता, पण त्याचं वय पाहून लोकांनी सोडून दिलं. पेटीच्या बाहेरून एक टिळा तेवढा लावला. आबांनी दुपारी खोलीत पाऊल ठेवणं सोडलं. बाज भिंतीला तशीच राहिली.

त्यानंतरचे दिवस विश्वंभरच्या आयुष्यातले सोन्याचे होते. पट्टी सकाळी येई, दुपारी येई, विचार करण्याआधी येई. तालुक्याच्या ठिकाणी लोक त्याला ओळखू लागले. चहावाला त्याच्याकडे पाहून म्हणे, "पंधरा हजारवाले सर आले." संघाने सत्कार ठेवला. शाल विश्वंभरला, आणि झोपेच्या त्यागाबद्दल मोठा हार आबांना. हार गळ्यात पडला तेव्हा आबा उभ्याउभ्या झोपले होते. टाळ्यांनी दचकून ते म्हणाले, "उतरवा, उतरवा, ओला माल हाय."

इथून विश्वंभरच्या स्वप्नात मिठाचा खडा पडला.

आबांनी झोपेचे सगळे प्रयत्न केले होते. घरी सुनेच्या मालिका चालत. लिंबाखाली झळा येत. गोदामात पोत्यांवर आडवे झाले तर हमालांनी माल समजून त्यांना काट्याकडे नेलं. दुपारची झोप गेली तशी आबांची तंद्री दिवसभर पसरली. ते बोलता बोलता थांबत, हातातला कप तिरका होई. आणि एक दिवस नको ते झालं. एका शेतकऱ्याने कांडं पुढे केलं. आबांनी ते कानापाशी धरलं, कट्टदिशी मोडलं आणि म्हणाले, "खणखणीत. वाळलेलं हाय." यंत्राने ओलं दाखवलं. पुन्हा मोडलं, पुन्हा तेच. वयाचा मान म्हणून शेतकरी पोत्याचं तोंड बांधू लागला. आबांनी मोडलेले दोन तुकडे बराच वेळ तळहातावर धरले. मग हळूच खिशात टाकले.

"कानात तो डास बसलाय रे," ते विश्वंभरला म्हणाले. "माझा बाप ऐकू येत न्हाई आता."

विश्वंभरला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आपण वेग आणला आणि आबांचा कान घालवला, असं त्याच्या मनाने घेतलं. पंधरा हजार फेरे मागे फिरवता येत नव्हते. फिरवले तर पट्टी जाणार, पट्टी गेली की खोली जाणार, आणि आपण पुन्हा गेटवर, पिवळी कॉलर, पोतं एक, पोतं दोन. दुपारी खुर्चीत त्याला तेच स्वप्न पडलं, पण ड्रम फिरवणारे आता आबा होते आणि थांबा म्हणायला कुणी नव्हतं.

जाग आली ती एका कल्पनेने. जुनी बारा डिस्कांची पेटी कोपऱ्यात पोत्याखाली पडून होती. तिच्यातली माहिती कुणी वापरत नव्हतं, पण आवाज तर शाबूत होता. त्याने तिला वीज जोडली. बारा मोठ्या डिस्क जाग्या झाल्या आणि तो जुना, पोटातला घुमारा खोलीभर पसरला. बारीक सूर त्याच्याखाली दबून गेला. जुन्या पेटीला आता फक्त आवाजाची नोकरी होती.

विश्वंभर आबांना हाताला धरून घेऊन आला. आबा दारातच थांबले.

"ड्रम," ते म्हणाले.

"व्हय आबा. या, पडा."

बाज कुरकुरली, मग गप्प झाली. आबांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या एक एक करून सैल होताना विश्वंभर पाहत राहिला. त्याने एसी एका अंशाने कमी केला, पाय न वाजवता बाहेर आला आणि दार ओढून घेतलं.

बाहेर एक जीप उभी होती. पलीकडच्या तालुक्यातल्या एका संघाचे संचालक पंधरा हजारवाल्या डिस्क पाहायला आले होते. त्यांचे अध्यक्ष नरसिंगराव खिडकीपाशी उभे होते. शेजारी प्रेमानंदराव यजमान म्हणून.

"दाखवा बरं जादू," नरसिंगराव म्हणाले.

पोतं काट्यावर चढलं. पुनमने बटण दाबलं. सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीने सगळ्यांकडे पाहिलं.

"येईल," विश्वंभर म्हणाला.

लिंबावरचं एक पान गिरक्या घेत खाली आलं. कुणीतरी खाकरलं. रांगेतून जगनचा आवाज आला, "साहेब, औंढ्याला जाऊन यायचं असंल तर हाच टाइम हाय."

"विश्वंभरराव," प्रेमानंदराव गोड आवाजात म्हणाले, "पेन्सिल देऊ का?"

विश्वंभर आत धावला. चोवीसच्या चोवीस हिरवे दिवे शांतपणे लुकलुकत होते. त्याने रणजीतला फोन लावला.

"सर, नव्या आहेत, अजून रुळायच्या आहेत," रणजीत म्हणाला. "आणि लोड वाढला असेल तर एक पेटी अजून घ्यावी लागेल. पाठवू का?"

विश्वंभरने फोन ठेवला. बाहेर माणसं, आत निजलेले आबा, दोन पेट्यांचा मिळून एक सूर, आणि पायाखाली गार फरशी. तो हळूहळू खाली बसला, मग कान डिस्कांना लावावा म्हणून वाकला, मग फरशी गालाला बरी वाटली म्हणून तसाच राहिला. गेट, कॉलर, पोती, सगळं लांब कुठेतरी धुक्यात गेलं. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी त्याला बाजेखालचा अंधार दिसत होता. त्या अंधारात भिंतीच्या कडेने रॅककडून खिडक्यांकडे एक निळी रेघ जात होती. बाजेच्या मागच्या पायापाशी ती नाहीशी होत होती आणि पायाच्या पलीकडे पुन्हा सुरू होत होती.

तो बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिला.

मग उठला, बाजेला खांदा लावला आणि आबांसकट ती एक वीत पुढे सरकवली.

"ड्रम हलवू नका रे," आबा झोपेत म्हणाले.

बाहेर खिडकीने खाकरून घसा मोकळा केला आणि साचलेल्या पट्ट्या एकामागून एक ओकायला सुरुवात केली. "आली!" पुनम ओरडली. "सर, ह्या थांबून न्हाई राहिल्या!" जीपमधून आलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. नरसिंगरावांनी एक पट्टी उचलून उन्हात धरून पाहिली. विश्वंभर दारात आला तेव्हा त्याच्या एका गालावर फरशीचा ठसा होता.

"सर, नेमकं काय केलं तुमी?" नरसिंगरावांनी विचारलं.

विश्वंभरने प्रेमानंदरावांकडे पाहिलं. रांगेकडे पाहिलं. चहावाल्याकडे, सत्काराच्या फलकाकडे पाहिलं. खोटं बोलायची त्याची तयारी होती, पण इतक्या अर्धवट झोपेत ते सुचेना.

"बाज सरकवली," तो म्हणाला.

नरसिंगराव मोठ्याने हसले, त्यांच्यामागे सगळे हसले. "मोठी माणसं अशीच असतात," ते प्रेमानंदरावांना म्हणाले. "गुपित सांगत न्हाईत." पाहुण्यांसमोर प्रेमानंदरावांनीही विश्वंभरच्या पाठीवर हात ठेवला आणि खोलीचा विषय तिथेच मिटला.

जाताना नरसिंगराव आत डोकावले. चोवीस हिरवे दिवे, कोपऱ्यात दुसरी पेटी, मधे निजलेले आबा. त्यांनी सगळं नीट डोळ्यांत साठवून घेतलं. त्या आठवड्यात त्यांच्या संघाने रणजीतकडून तशाच चोवीस डिस्क मागवल्या, आणि गावच्या सुताराकडून एक सागवानी बाज.

जीपची धूळ बसल्यावर विश्वंभर खोलीत आला. आबा झोपेतून उठून बाजेवर बसले होते. त्यांनी खिशातला कांड्याचा एक तुकडा काढला, कानापाशी कट्टदिशी मोडला आणि म्हणाले, "ओलं." विश्वंभरने तो बाहेरच्या यंत्रात घालून पाहिला, यंत्रानेही ओलं दाखवलं. आबांनी यंत्राला शाबासकी दिली आणि ते पुन्हा आडवे झाले.

विश्वंभरने नवी पेटी बंद केली, सर्व्हरची वायर कोपऱ्यातल्या जुन्या पेटीला जोडली आणि पुनमला एक पोतं चढवायला सांगितलं.

पट्टी तितक्याच लवकर आली.